ओढली नाही, पेटवली

दात काढणं हे तसं थोडक्यात आटपणारं काम आहे. भूल चढली, पक्कड मुळाशी घट्ट बसली, की उरतो तो मनगटाचा अंदाज. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते दंतवैद्याच्या हातात नसतं. दात गेला की जबड्यात खाच उरते. तिच्यात रक्त भरतं, थिजतं, त्याची गाठ होते. ही गाठ म्हणजे उघड्या हाडावरचं पांघरूण. तिच्या आड नवं मांस भरत येतं. गाठ निसटली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अशी कळ सुटते, की ती कानात, कानशिलात, डोळ्यामागे जाते. आम्ही तिला कोरडी खाच म्हणतो. बाळंतपणं झालेल्या बायकांनीही मला सांगितलं आहे, की ही कळ वेगळी.

गाठ निसटायला फार काही लागत नाही. जोरानं चूळ भरली, सारखं थुंकलं, जिभेनं उकरलं, तरी पुरतं. सगळ्यांत हमखास कारण बिडी. धूर वाईटच, पण धुराहून झुरका वाईट. झुरका घेताना गाल आत जातात, तोंडात ओढ तयार होते, आणि ती ओढ धुराबरोबर गाठीलाही खेचते.

सत्तरच्या दशकात जालना हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. माझा दवाखाना जालन्यात होता. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मी एस.टी.नं अंबडमार्गे वडीगोद्रीला जात असे. रस्त्याला लागून असलेल्या एका औषधाच्या दुकानाची मागची खोली मला मिळाली होती. खुर्ची न्हाव्याकडून जुनी घेतलेली. उजेड दाराचा. म्हणून पेशंटचं तोंड दाराकडे, आणि दारात रांगेतली माणसं. प्रत्येक दाताला प्रेक्षक असत.

बाई दात काढते हे त्या प्रेक्षकांना सुरुवातीला पटत नव्हतं. "पक्कड बाईच्या हातात?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आमच्या घरी लाटणं असतं, त्यापरीस हे बरं." बाईमाणसासमोर बिडी ओढायची नाही, हा तिथला रिवाज. मी दिसले की पेटलेल्या बिड्या मुठीत जात. "बिडी ओढता का?" असं विचारलं की "बिलकुल न्हाई" असं उत्तर येई, आणि बोटांच्या फटींतून धूर येत राही.

रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याची दाढ मी काढली होती. पुढच्या बाजाराला तो गाल धरून आला.

"बिडी ओढली?"

"वढली न्हाई बाई."

"खाच रिकामी आहे."

"चिलमीवानी मुठीतून घेतली. बिडीला वठ लागला न्हाई."

"झुरका तर घेतला ना?"

"तुम्ही बिडीचं बोलल्या होत्या. झुरक्याचं काई बोलल्या न्हाई."

तेव्हापासून मी सांगू लागले, की बिडी नाही, चिलीम नाही, मुठीतूनही नाही. माझ्या सूचना अशा पेशंटांनीच वाढवत नेल्या.

दुसरा धडा एका म्हातारीनं दिला. तिचा दात मी ताटलीत टाकला. ती उठेना. म्हणाली, "माझं हाड हाय ते. माझ्यासंगंच जळायला पायजे. तुमच्यापाशी ऱ्हायलं तर मी कुठं कुठं हिंडू?" त्या दिवसापासून मी काढलेला दात कापसात गुंडाळून ज्याचा त्याला देऊ लागले. नको म्हणणारे थोडे निघाले.

शिकत असताना मी एका दैनिकात संध्याकाळच्या पाळीला मुद्रितं तपासत असे. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायचं, ही सवय तिथली. पुढे जे लिहिते आहे त्यात ती पाळायचा प्रयत्न केला आहे.

रंगनाथ वडीगोद्रीपासून चालत येण्याजोग्या अंतरावर, शेतातच राहणारा शेतकरी होता. चाळिशीचा, बेताचं बोलणारा. खालची शेवटची दाढ किडून पोकळ झाली होती. बाकीचे दात स्वच्छ. तंबाखूचा डाग कुठेही नव्हता.

"बिडी ओढता?"

"न्हाई. दादा वढायचे. मला वास बी सहन व्हत न्हाई."

दादा म्हणजे त्याचे वडील. थोड्याच दिवसांपूर्वी वारले होते, हे त्याच्या डोक्यावरच्या, मुंडनानंतर नुकत्याच वाढू लागलेल्या केसांवरून कळत होतं. दाढ सहज निघाली. गाठ चांगली धरली. मी सूचना सांगितल्या. त्यानं कापसातली दाढ खिशात ठेवली आणि तो गेला. या माणसाचं दुखणं परत येईल असं मला वाटलं नाही.

पुढच्या बाजाराला तो जबड्याला फडकं बांधून आला. सोबत बायको होती, गयाबाई. त्यानं तोंड उघडलं. खाच रिकामी होती. तळाशी हाड दिसत होतं, मळकट पांढरं. आणि बिडीचा वास येत होता. शिळा नव्हे, ताजा.

"बिडी ओढली तुम्ही."

"न्हाई बाई."

"वास येतोय."

"म्या वढली न्हाई," तो म्हणाला. चिडून नव्हे. पाऊस पडला नाही असं सांगावं, तसं.

गयाबाई पुढे झाली. "लेकराची आन घेते. ह्यांनी जन्मात कव्हा बिडी वढली न्हाई." मग तिनं नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि पदर नाकाला लावून मागे सरली. "हा मामंजींचा वास हाय."

तिचे सासरे बिडीच्या बंडलात ओव्याचे दाणे टाकून ठेवत. खोकल्याला बरं म्हणून. त्यांच्या बिडीला ओव्याचा वास असे. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ओव्याचा वास मला आधी जाणवला नव्हता. तिनं सांगितल्यावर जाणवला.

मी कोमट मिठाच्या पाण्यानं खाच धुतली, लवंगतेलात भिजवलेल्या गॉजची पट्टी भरली. कळ थांबली. रंगनाथचे डोळे तिथेच मिटायला लागले. कित्येक रात्री तो झोपला नव्हता. त्यानंतरच्या बाजाराला तो पुन्हा आला. पट्टी सुटून गेलेली, हाड उघडं, वास तोच. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. दारातल्या माणसांनाही एव्हाना सगळं ठाऊक झालं होतं. एकजण दुसऱ्याला सांगत होता, तेही हळू नव्हे:

"म्हातारा त्याच्या दाताच्या भोकातून वढून राह्यला."

कोणी हसलं नाही. रंगनाथनं ते ऐकलं. खुर्चीच्या हातावरची त्याची बोटं आवळली गेली, एवढं मी पाहिलं.

आता प्रकरण साध्या कळेचं राहिलं नव्हतं. जबड्याखाली सूज उतरली होती. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. बिडीच्या वासाखाली दुसरा वास येऊ लागला होता, कुजल्याचा. भाकरी बंद होऊन त्याला बरेच दिवस झाले होते. गयाबाई ज्वारीची आंबील करून त्याला गालातून पाजत होती. मी पेनिसिलीन सुरू केलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की हाड मरू लागलं आहे. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर जबड्याचा तुकडा काढावा लागेल. सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकेल.

"वरीस हुईस्तोर मला गाव सोडता येत न्हाई," तो मिटल्या दातांतून म्हणाला.

"कशासाठी?"

"दादांचं हाय."

वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायचं असेल, असं मी समजले. गयाबाई खाली बघत होती.

त्यापुढच्या बाजाराला रंगनाथ आला नाही. दुपार कलल्यावर गयाबाई एकटी आली. धापा टाकत होती. "लई ताप हाय. त्वांड उघडना. आत्याबाई म्हणत्यात, भूतबाधा काढणारा जाणता बोलवा. बाई, तुम्ही जल्दी चला." रांग संपत आली होती. शेवटच्या एस.टी.ला वेळ होता. मी पिशवी घेतली.

घर शेतातच होतं. दगडमातीचं, ठेंगणं. उंबऱ्याच्या आत गयाबाईची आत्याबाई, म्हणजे सासू, रंगनाथची आई बसली होती. वृद्ध, ताठ. तिला सगळे माय म्हणत. नवरा गेल्यापासून वर्षभर तिनं उंबरा ओलांडायचा नाही, असं भावकीनं ठरवलं होतं. ती आतूनच दिसेल तेवढं शेत पाहत असे. घरापासून हाकेच्या अंतरावर, लिंबाखाली, एक नवा ओटा बांधलेला होता. त्यावर शेंदूर न लावलेला एक दगड. तिथंच दादांना जाळलं होतं.

मी रंगनाथला तपासलं. इंजेक्शन दिलं. मिटल्या दातांच्या फटीतून पिचकारीनं खाच धुतली. ताप फार होता. हाताला धरून बसवावं लागत होतं. जबड्याखालची सूज अजून कंठापर्यंत आली नव्हती, पण आज आहे ते उद्या असेल असं सांगता येत नव्हतं. मी गयाबाईला म्हटलं, की सकाळच्या गाडीनं त्याला घेऊन मी स्वतः औरंगाबादला निघते. तेवढ्यात दिवेलागण झाली. आणि ज्याला उभं राहता येत नव्हतं, तो माणूस उठला.

त्यानं देवळीतून बिडीचं बंडल आणि काडेपेटी घेतली. बंडल उघडताच ओव्याचा वास आला. या खेपेला तो मला कोणी सांगायच्या आधी आला. गयाबाईनं एका हातात दिवा घेतला, दुसऱ्या हातानं त्याला धरलं. दोघं ओट्याकडे निघाली. मी मागे गेले.

त्यानं बिडी ओठांत धरली, काडी ओढली आणि डोळे मिटून झुरका घेतला. तोंड उघडत नव्हतं, तरी गाल आत गेले. कळ आली असणार. गयाबाईनं त्याला सावरलं. त्यानं दुसरा झुरका घेतला, त्याहून मोठा. मग तिसरा. निखारा चांगला धरल्यावर बिडी दगडापुढे ठेवली आणि हात जोडले.

"रंगनाथ, तुम्ही बिडी ओढता," मी म्हटलं.

"न्हाई बाई."

"मी आत्ता पाहिलं."

"वढली न्हाई. पेटवली. ती दादांची हाय."

तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या दिवसापासून एकदाही बोलला नव्हता. मी त्याला तुम्ही ओढता का, असं विचारत होते. आणि त्याच्या लेखी ओढणारा दुसराच होता.

बिडी न ओढणाऱ्यांसाठी एक खुलासा. बिडी उदबत्तीसारखी आपोआप जळत नाही. सिगारेट ठेवली तरी जळत राहते. बिडी ठेवली की विझते. ती तेवती ठेवायची तर ओढावी लागते. त्या ओट्यावर थोटकांचा ढीग होता. सगळ्या बिड्या अर्ध्यावर विझलेल्या. आमच्या डोळ्यांदेखत ही नवी बिडीही विझली. रंगनाथनं ती उचलली आणि पुन्हा ओठांत धरली.

थोटकांच्या ढिगात एक दाढ होती. मी काढलेली. मुळाचा वाक मला आठवत होता. रंगनाथनंच ती दादांपाशी ठेवली असणार. माझ्या पकडीतून निघाली तेव्हा एका बाजूनं ती स्वच्छ होती. आता ती सगळी तपकिरी झाली होती, तीस-चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्याची असते तशी. धुरात, राखेत पडून राहिल्यावर दाताला रंग चढतो. इतका चढतो का, ते मला सांगता येणार नाही.

मी त्याच्या हातून बिडी घेतली आणि त्याला घरी आणलं. उंबऱ्याशी बसवलं. मायला म्हटलं, हे थांबलं नाही तर तुमचा मुलगा राहणार नाही.

"कावळा शिवंना बाई," माय म्हणाली. "दहाव्याला समदे बोलून थकले. शेत इकणार न्हाई म्हणले, गयाला तरास देणार न्हाई म्हणले. कावळा यायचा, बघायचा, उडून जायचा. मंग ह्यानं बिडी पेटवून ठिवली, तव्हा शिवला. भावकी म्हणली, आता वरीसभर दोन्ही टायमाला ठिवायची. ज्यानं अग्नी दिला त्याच्याच तोंडची."

"इझते," रंगनाथ म्हणाला. "म्या ठिवली का इझते. दादांना पोचत न्हाई. म्हणून जास्ती घ्यावी लागते."

मी सुचवलं, की चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवा, तोंड लावू नका. गयाबाईनं गोवरीचा इस्तू आणला. बिडीचं टोक त्यावर धरलं. पान जळलं, तंबाखूनं पेट घेतला नाही. दुसरीचंही तेच झालं. तिसरी ती ओट्यावर ठेवायला निघाली आणि वाटेतच विझली. रंगनाथनं बंडलाकडे हात केला. त्या हाताला थांबवायला माझ्यापाशी आणखी काही उरलं नव्हतं. केवळ काहीतरी बोलायचं म्हणून मी मायला विचारलं:

"ते होते तेव्हा बिडी स्वतःच पेटवायचे का?"

मायनं आधी चुलीकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "म्या द्यायची. चुलीपाशी, दोन झुरके घिऊन. लग्न झाल्यापासून. त्यांना आयती लागायची."

मग तिनं ओट्याकडे पाहिलं.

"आण इकडं," ती मुलाला म्हणाली.

"माय, भावकी काय म्हणल?"

"भावकीचा जबडा बराबर हाय." ती माझ्याकडे वळली आणि तिनं तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. गुळगुळीत, गुलाबी हिरड्या. "ह्यात काय बिघडायचं ऱ्हायलंय, बाई?"

ती उठली. दाराची चौकट धरून उंबरा ओलांडला. काठी नव्हती; गयाबाई पुढे धावली तर तिला हातानं बाजूला केलं. ओट्याशी जाऊन ती बसली. काडी ओढली. सरावाच्या माणसासारखे दोन झुरके घेतले, मोजके, आणि बिडी दगडापुढे ठेवली. हात जोडले नाहीत. नवऱ्यापुढे ताट ठेवल्यावर बायको बसते, तशी बाजूला बसली.

यानंतर मी जे पाहिलं, तेवढंच लिहिते. वारा नव्हता. बिडीशेजारी गयाबाईचा दिवा होता आणि त्याची ज्योत हलत नव्हती. बिडीचं टोक काळं पडू लागलं. मग लाल झालं. मंद झालं. थोड्या वेळानं पुन्हा लाल झालं. माणूस झुरका घेतो, थांबतो, पुन्हा घेतो, त्या चालीनं. राख लांब होत गेली आणि आपसूक पडली. बिडी दोऱ्यापर्यंत जळली, आणि तिथे विझली. ओट्यावरच्या थोटकांत दोऱ्यापर्यंत पोचलेली ती एकच होती.

रंगनाथ उंबऱ्यावर बसून पाहत होता. गयाबाईनं पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला होता. माय दगडाकडे पाहून म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता पोराला सोडा."

शेवटची एस.टी. मला मिळाली. निघताना मी हात बादलीभर पाण्यानं धुतले होते, तरी जालन्यापर्यंत ओव्याचा वास येत राहिला.

औरंगाबादला जायची वेळ आली नाही. ठरल्याप्रमाणे सकाळच्या गाडीनं मी परत आले, तेव्हा ताप उतरला होता, तोंड बोटभर उघडत होतं, आणि मी खाचेत नवी पट्टी भरली. पुढच्या बाजाराला रंगनाथ आला तेव्हा भरलेली पट्टी जागेवर होती. त्यानंतर मेलेल्या हाडाचे बारीक तुकडे खाचेतून सुटून आले, ते मी चिमट्यानं काढले, आणि कडांकडून नवं मांस चढू लागलं. झुरका थांबला, खाच भरली. माझ्या शास्त्राला एवढं कारण पुरतं, आणि मी जालन्यातल्या डॉक्टर मित्रांना एवढंच सांगत आले. बिडीचं टोक लाल-काळं होण्याचं कारण मी नंतर कोरड्या हवेवर, ओव्याच्या तेलावर, पानाच्या वळकटीवर टाकून पाहिलं. तशी बिडी मी स्वतः माझ्या दवाखान्यात ठेवूनही पाहिली. विझली.

माय उंबऱ्याबाहेर गेली या रागानं भावकीनं काही दिवस गयाबाईच्या हातचं पाणी नाकारलं, असं कानावर आलं. माय वर्ष सरेपर्यंत दोन्ही वेळा ओट्यावर जात राहिली. वर्षश्राद्धानंतर रंगनाथनं ती तपकिरी दाढ तिथून काढून आणली आणि मला विचारलं, हिचं काय करू. मी म्हटलं, घरात ठेवू नका. त्यानं ती गोदावरीत सोडली.

माझ्या सूचनांत त्या वर्षी शेवटची भर पडली. दात काढल्यावर मी प्रत्येकाला सांगू लागले, की बिडी ओढायची नाही, चिलीम नाही, मुठीतून नाही. आणि कुणासाठी पेटवायचीही नाही. जालन्यात हे ऐकून पेशंट हसत. एका वकिलानं तर विचारलं, की बाई, मी काय कुणाचा हुजऱ्या आहे?

वडीगोद्रीच्या खोलीत त्या वाक्याला कधीच कोणी हसलं नाही. खुर्चीवरचा माणूस, मग तो तरणा असो की म्हातारा, तोंडातला कापूस गालात सरकवून जमिनीकडे बघे. आणि पुष्कळदा हळूच विचारे:

"मंग त्यांची कोण पेटविणार?"

पुढे मी पक्कड पुसता पुसता, औषधाची वेळ सांगावी त्याच आवाजात विचारू लागले:

"घरात बिनदाताचं कोणी आहे का?"